चुकलेले हप्ते

बँकेतील ३५ वर्षांच्या नोकरीत मी कर्जदारांना एकच गोष्ट बजावीत असे : हप्ता लहान असला तरी चुकवू नका. घरात मात्र मीच ते विसरलो.

मुरबाडला माझ्या धाकट्या भावाचे धान्याचे दुकान आहे. त्याचा मुलगा पोती उतरविताना घसरला आणि गुडघ्यातील कूर्चेचा एक तुकडा निखळला. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. म्हणून ती हाडासारखी आपोआप भरून येत नाही. १९९४ साली स्वीडनमधील ब्रिटबर्ग, पीटरसन आदी शल्यविशारदांनी यावर एक उपाय प्रसिद्ध केला : रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी काढून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि काही आठवड्यांनी दुसऱ्या शस्त्रक्रियेत त्या जागी रोवायच्या. पुतण्यावर तीच शस्त्रक्रिया मुंबईत झाली.

घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले होते : पायावर भार टाकायचा नाही, पण गुडघा रोज हलवायचा. फिजिओथेरपीसाठी कल्याण गाठावे लागे. मुरबाडला रेल्वे नाही. त्यात आषाढाचा पाऊस, एसटीची गर्दी आणि हातात कुबड्या. मी शहापूरहून फोनवर म्हणालो, “राहू दे रे, विश्रांतीने नवे कलम पक्के होईल.” थोरल्याचा शब्द कोणी मोडला नाही.

संवत्सरी आली तरी गुडघा ९० अंशही वाकेना. सांध्यात चिकट तंतूंचे जाळे झाले होते. या शस्त्रक्रियेनंतर असे घडू शकते, असे डॉक्टर म्हणाले. कधी रोवलेली कूर्चा प्रमाणाबाहेर वाढते, तर कधी हाडापासून सुटते. म्हणून सूज, आखडणे, सांधा अडकणे यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. पुढे दुर्बिणीने ते तंतू सोडवावे लागले.

त्या संवत्सरीला मी मुरबाडला गेलो. पुतण्या खुर्चीवर बसून प्रतिक्रमण करीत होता. दरवर्षी तो वाकून माझी क्षमा मागतो. या वेळी मी आधी हात जोडले. ‘मिच्छामि दुक्कडम्’ जन्मभर म्हटले, पण नेमके कशाबद्दल, हे त्या दिवशी प्रथमच सांगितले.

तो म्हणाला, “काका, न जाणे मलाही सोयीचेच वाटले होते.”

आज तो विनासायास चालतो. दुकानाच्या गादीवर मात्र मांडी घालून फार वेळ बसवत नाही. तेथे आता एक स्टूल ठेवले आहे. ते पाहिले की मला माझा शब्द आठवतो. घरातील थोरांनी धीर जरूर द्यावा. औषधोपचाराचा सल्ला मात्र डॉक्टरांवर सोपवावा.