आधी नोंद, मग पावती

लिहिण्याची आज्ञा मिळताच संगणक ‘झाले’ म्हणून मोकळा होतो, परंतु ती नोंद त्या वेळी बहुधा स्मृतीतच असते, आणि कोणी निकड लावली नाही तर लिनक्समध्ये ती तीसएक सेकंद तशीच राहू शकते. यामागे काटकसर आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला प्रत्येक नोंदीपाशी खोळंबवले, तर सेकंदाला शंभर-सव्वाशे नोंदींपलीकडे तिची मजल जात नाही. त्याच नोंदी साचवून एकदम उतरवल्या, तर ती कित्येक पट काम उरकते.

२००१ साली लिनक्समध्ये दाखल झालेल्या ईएक्सटी-३ या फाइल सिस्टीमने या व्यवहाराला जर्नलची शिस्त लावली. कारकून रकमा आधी रोजकीर्दीत टिपून मागाहून खतावणीत चढवतो, तद्वत फाइलींच्या रचनेतील बदल आधी जर्नलमध्ये आणि नंतर मूळ जागी जातात. वीज गेली तरी दफ्तर विस्कटत नाही. मात्र दफ्तर शाबूत राहणे निराळे आणि अखेरची रक्कम त्यात असणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीची हमी हवी असेल, तर प्रोग्रामने नोंद डिस्कवर उतरवण्याची ‘एफसिंक’ ही आज्ञा देऊन डिस्कचा होकार येईपर्यंत थांबलेच पाहिजे.

कल्याण-डोंबिवलीत भारनियमनाच्या काळात पतपेढ्यांचे संगणक सांभाळताना या थांबण्याचे मोल मला उमगले. खातेदाराने नोटा मोजून दिल्या आहेत, प्रिंटरमधून पावती निम्मी बाहेर आली आहे, आणि त्याच क्षणी वीज जाऊन जुनाट यूपीएसनेही मान टाकली, तर पावती हातात आणि दफ्तर कोरे, असा प्रसंग ओढवतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळव्याकडील वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली, तेव्हा अशा किती पावत्या अर्ध्यावर असतील!

म्हणून माझा आग्रह एवढाच, की एफसिंक यशस्वी झाल्यावाचून पावती छापू नये. अहवाल आणि तात्पुरत्या फाइली खुशाल स्मृतीत राहोत. त्या पुन्हा निर्माण करता येतात. चार खिडक्यांवरील रकमा एकाच एफसिंकमध्ये उतरवल्या, तर हमी शाबूत राहून वेगही फारसा घटत नाही. कोणती नोंद गमावणे परवडेल, हे फाइल सिस्टीमला कळणे शक्य नाही. ते पैशाचा अर्थ जाणणाऱ्या प्रोग्रामरनेच ठरवले पाहिजे, आणि ही जबाबदारी त्याने यंत्रावर ढकलू नये.