वाघोलीच्या घरात ऐकू न आलेली गोष्ट

वाघोली आता पुणे शहरात आली आहे. ३० जून २०२१ रोजी जी तेवीस गावे महापालिकेत घेतली, त्यांत हे गाव होते. पण आमच्या मनातली वाघोली वेगळी आहे. नगर रस्त्याने जाताना पांढरी धूळ दिसू लागली, खडी फोडणाऱ्या क्रशरचा आवाज आला की समजायचे, वाघोली आली. वाघेश्वराचे देऊळ, त्याजवळचे तळे आणि पलीकडे दगडखाणी. आमची मावशी आणि काका त्या खाणीवर राबले. काका घण मारायचे, मावशी पाट्या वाहायची. खाणमजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ संस्थेने पाषाण शाळा काढल्या, त्या याच भागात. संध्याकाळी झोपड्यांपुढे चुली पेटत, आणि दिवसभर मुक्याने काम केलेली माणसे तेव्हा कुठे बोलायला लागत. कोणाचे बोट चेंगरले, कोणाची उचल फिटली नाही, हे सगळ्या वस्तीला रात्रीच कळायचे.

काका गेले. मावसभाऊ आता एका गोदामात कामाला आहे आणि चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहतो. एका रविवारी आम्ही पत्नीसह पुणे स्टेशनवरून बसने निघालो. बसमध्ये बसायला जागा नव्हती, पण गोंगाटही नव्हता. ज्याची त्याची मान खाली आणि बोट काचेवर. केसनंद फाट्याला उतरलो तेव्हा नाक्यावर काही मजूर अजून कामाची वाट पाहत उभे होते. त्यांच्याही हातात फोन होता, पण त्यांची नजर रस्त्यावर होती. एक जण गावाकडच्या लेकीशी बोलत होता, तर दुसरा ठेकेदाराच्या फोनची वाट पाहत होता. हे मुद्दाम सांगतो, कारण फोनला सरसकट शिव्या घालणे आम्हाला पटत नाही. गरिबाच्या रोजीरोटीला त्याचा आधार आहे.

घरी गेलो. चहा झाला. मावसभाऊ कोपऱ्यात फोन घेऊन बसला, सूनबाई स्वयंपाकघरात फोन उभा करून पोळ्या लाटत होत्या, नातू गादीवर आडवा पडून कसला तरी खेळ खेळत होता. मावशी आमच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “बरं झालं आलास. तुला एक सांगायचं होतं बघ.”

नेमका त्याच वेळी आमचा फोन वाजला. आमच्या मंडळाच्या बैठकीची वेळ कोणीतरी विचारली होती. आम्ही उत्तर लिहू लागलो. मावशी बोलत होती, आम्ही “हं, हं” म्हणत होतो. एका उत्तराची चार उत्तरे झाली. मान वर केली तेव्हा मावशी उठून गेली होती. “काय म्हणत होतीस?” असे विचारले, तर म्हणाली, “काही नाही रे. जेवायला बसा.”

संध्याकाळी निघताना नातू जिन्यापर्यंत सोडायला आला. तो म्हणाला, “काका, आजी मोरीत पडली होती. दोनदा. तिला गरगरतं.” आम्ही तिथेच थांबलो. हीच गोष्ट मावशी आम्हाला सांगत होती! परत वर गेलो, मावशीला खोदून विचारले. पंधरा दिवस ती घरात हे सांगत होती आणि पंधरा दिवस तिला “हं” एवढेच उत्तर मिळत होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब फार वाढलेला निघाला. वेळेवर कळले म्हणून बरे. आम्ही लोकांची गाऱ्हाणी ऐकत वस्त्या-वस्त्या फिरतो आणि सख्ख्या मावशीचे आम्ही ऐकले नाही, याची लाज वाटली.

समोरच्या माणसाला डावलून फोनमध्ये डोके घालण्याच्या या सवयीला इंग्रजीत ‘फबिंग’ म्हणतात. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात एका शब्दकोशाच्या प्रचारासाठी हा शब्द मुद्दाम घडवला गेला. आपल्याकडे त्याला शब्द नाही, पण सवय घरोघर आहे.

मावसभावाला आम्ही रागे भरलो नाही. तो म्हणाला, “दादा, फोन बंद ठेवला तर उद्याची पाळी दुसऱ्याला जाते.” खरे आहे. मग उपाय काय? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर आल्या आणि शाळा उघडल्या तरी मुलांच्या हातचे फोन सुटेनात. तेव्हा २०२२ मध्ये गावाने ठरवले की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद राहतील. साडेआठला दुसरा भोंगा. सुरुवातीला लोकांना समजावत दारोदार फिरावे लागले. मुले अभ्यासाला बसावीत आणि माणसांनी एकमेकांशी बोलावे, एवढाच हेतू.

वाघोलीत कोण भोंगा वाजवणार? म्हणून मावशीच्या घरात ठरले की रात्रीच्या जेवणाला सगळे फोन फळीवर ठेवायचे. आवाज मोठा ठेवायचा. गोदामाचा फोन आला तर उठून घ्यायचा, पण वाजल्याशिवाय हात लावायचा नाही. पाहुण्यालाही हाच नियम.

महिन्याने पुन्हा गेलो. मावसभावाने चार-पाच वेळा नियम मोडला होता, हे नातवानेच सांगितले. पण मावशी गोळ्या वेळेवर घेत होती, कारण जेवताना रोज कोणीतरी विचारत होते. त्या रात्री तिने खाणीतल्या सुरुंगाची गोष्ट सांगितली. आम्ही ती अनेकदा ऐकली आहे. नातवाने मात्र पहिल्यांदाच ऐकली, आणि त्याने विचारले, “आजी, तुला भीती नाही वाटली?”

आमची विनंती एवढीच की आज रात्री जेवताना आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही सांगायचे आहे का, ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत फोन दूर ठेवा.