पाण्यातला बंगला

चारी बाजूंनी गोडे पाणी, मध्ये जमिनीचा एवढासा तुकडा आणि त्यावर आपले म्हणून एक लहानसे घर! ही हौस माणसाला फार जुनी आहे. फिनलंड देशात म्हणे लाखांवर तळी आहेत आणि त्यांच्या काठांवर व बेटांवर सुमारे 5 लाख उन्हाळी घरे आहेत. तिकडचा साधा शिक्षक किंवा कारकूनसुद्धा उन्हाळा आला की शहरातल्या बिऱ्हाडाला कुलूप लावतो आणि त्या लाकडी खोपटात जाऊन मासे धरीत बसतो. अमेरिका आणि कॅनडा यांच्यामधून वाहणाऱ्या सेंट लॉरेन्स नदीत हजारांवर बेटे आहेत. त्यांतल्या एका बेटावर न्यूयॉर्कचा बडा हॉटेलवाला जॉर्ज बोल्ट याने 1900 साली आपल्या बायकोसाठी किल्ल्यासारखा वाडा बांधायला काढला. 1904 साली ती बिचारी वारली. बोल्टने त्याच दिवसांत काम थांबवले आणि तो वाडा सत्तर वर्षांहून अधिक काळ तसाच ओसाड पडून राहिला.

इतके दूर तरी कशाला? उदयपूरच्या महाराण्याने पिछोला तलावात बांधलेला, 1746 साली पुरा झालेला जगनिवास आपण सिनेमांत पाहतोच. आता ते हॉटेल आहे. तिथल्या एका रात्रीचे भाडे ऐकले, तर आपल्यासारख्याने पाणी काठावरूनच पाहावे हे बरे.

मग आपल्या महाराष्ट्रात असा पाण्यातला बंगला नाहीच का? आहे. तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे, एका राजाचा आहे, आणि त्याचे नावही राजेशाही आहे: बेनझीर व्हिला. ‘बेनझीर’ म्हणजे ज्याला तोड नाही असा. मात्र तिथे कोणी राहत नाही. पावसाळ्यानंतर राधानगरीचा तलाव भरला की हा बंगला पाण्यात उभा असतो आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की माणसांना त्याच्याकडे जायला वाट मिळते.

कोल्हापूरला जाणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन घेतो, जोतिबाला आणि पन्हाळ्याला जाऊन येतो, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ खातो आणि पायांत नव्या चपला करकरवीत घरी परततो. राधानगरी राहूनच जाते. खरे म्हणजे ती कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटरवरच आहे. एस. टी. शहर सोडते आणि उसाच्या मळ्यांतून निघते. हळदी जाते, परित्याचा भोगावती साखर कारखाना जातो. मग हळूहळू ऊस मागे पडतो, डोंगर जवळ येतात आणि हवेला करवंदांचा वास येऊ लागतो. हाच रस्ता पुढे दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून कोकणात जातो.

गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब तिकडे गेलो, ते केवळ हवा खायला नव्हे. खरे कारण जरा व्यवहाराचे होते. माझी नोकरी आता संपत आली आहे. फंडाचे थोडे पैसे हातात येणार आहेत. ‘एखाद्या तळ्याकाठी दोन खोल्यांचे घर बांधू, सुट्टीत मुले-नातवंडे येतील,’ हे स्वप्न आमच्या घरात वीस वर्षे उशाला घेऊन झोपलेले आहे. अशा स्वप्नाचा वास दलालांना बरोबर लागतो. एकाने फोटो पाठवले होते: निळे पाणी, हिरवा डोंगर आणि खाली रकमेचा आकडा. तेव्हा ‘जागा पाहून येऊ’ असे ठरले.

राहायची सोय तळ्याच्या बाजूच्या एका शेतकऱ्याच्या घरी झाली. कौलारू घर, पुढे ऐसपैस सोपा, मागे गोठा. घरधनी सत्तरीचे. आम्ही त्यांना पहिल्याच दिवसापासून मामा म्हणू लागलो आणि त्यांनी आम्हांला शेवटपर्यंत ‘पावनं’च ठेवले.

त्या घरातले तीन दिवस कसे गेले, हे सांगायला फारसे काही नाही, आणि तीच त्यांची गंमत. पहाटे धारोष्ण दूध. मग तळ्यावर फेरी. पाणी उतरले होते, त्यामुळे काठ रुंद झाला होता आणि चपट्या दगडांना तोटा नव्हता. दगड पाण्यावर फेकून त्याच्या उड्या मोजण्याच्या खेळात आमच्या हिने, लहानपणी कृष्णाकाठी मिळवलेले कसब दाखवून, दोन्ही मुलांना गार केले. दुपारी नाचणीची भाकरी, खर्डा आणि तळ्यातल्या माशांचे कालवण. त्यावर सोप्यात ताणून दिलेली झोप. मोबाइलला कधी रेंज येई, कधी जाई. थोरला पहिल्या दिवशी तो हातात उंच धरून अंगणभर फिरला, दुसऱ्या दिवशी त्याने तो पिशवीत टाकला आणि तिसऱ्या दिवशी मामांकडून गळाला आमिष कसे लावायचे ते शिकला. पोहायला मात्र मामांनी साफ मनाई केली. धरणाचे पाणी वरून कितीही शांत दिसले, तरी खाली गाळ असतो आणि खोलीचा अंदाज लागत नाही.

रात्री गाण्याच्या भेंड्या. एका रात्री मामांनी दिवा मालवायला लावला आणि आम्हांला घरामागच्या झाडांकडे नेले. झाडभर काजवे होते! पावसाच्या तोंडाशी राधानगरी-दाजीपूरच्या रानात काजव्यांची अशी दिवाळी असते. हजारो दिवे एकाच वेळी लागत होते, एकाच वेळी विझत होते. धाकटी कुजबुजली, ‘बाबा, झाड श्वास घेतंय!’ त्यावर बोलण्यासारखे कोणाजवळ काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी दलाल गाडी घेऊन आला आणि जागा दाखवून गेला. जागा छान होती, यात वाद नाही. उतारावर उभे राहिले की सगळे तळे ओंजळीत धरल्यासारखे दिसे. तो म्हणाला, ‘‘साहेब, पाच वर्षांत भाव दुप्पट. पुण्या-मुंबईची पार्टी रांगेत आहे.’’ हिने माझ्याकडे पाहिले, मी हिच्याकडे पाहिले. दोघांनाही मनातल्या मनात घराला कौले घालूनही झाली होती.

संध्याकाळी मामांना विचारले, तर ते नुसते म्हणाले, ‘‘उद्या सकाळी बंगल्याकडं जाऊन येऊ. मग काय ते ठरवा.’’

हा तलाव आणि त्यातला बंगला यांची कथा थोडी सांगितली पाहिजे. शाहू छत्रपती 1894 साली गादीवर आले आणि पुढच्या काही वर्षांतच त्यांच्या मुलखाने दुष्काळ पाहिला, प्लेग पाहिला. पश्चिमेकडे सह्याद्रीवर पाऊस नुसता कोसळतो आणि खालच्या रानात उन्हाळ्यात विहिरी आटतात, हे कोडे त्यांना स्वस्थ बसू देईना. भोगावती नदीवर फेजिवडे गावाजवळ धरण बांधायचे त्यांनी ठरवले. जवळच 1908 साली पेठ वसवली आणि तिला आपल्या कन्येचे, राधाबाईंचे नाव दिले, तीच राधानगरी. तलावाला राणीसाहेबांचे नाव मिळाले: लक्ष्मी तलाव. छोट्याशा संस्थानाला हा घास मोठा होता. 1918 पर्यंत भिंत चाळीसएक फूट चढली आणि पैशांअभावी काम थांबले. 6 मे 1922 रोजी, वयाच्या 48 व्या वर्षी, महाराज गेले. पुरे झालेले धरण त्यांनी पाहिलेच नाही. ते पुरे व्हायला स्वातंत्र्यानंतरचे दिवस उजाडावे लागले.

आज त्या धरणात सुमारे 8 टीएमसी, म्हणजे 8 अब्ज घनफूट पाणी मावते. धरणाला आपोआप उघडणारे सात दरवाजे आहेत. श्रावणाच्या आगेमागे ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ ही बातमी आली की कोल्हापूरकर पंचगंगेच्या पाण्याची पातळी विचारू लागतो. उन्हाळ्यात हेच पाणी भोगावतीत सोडतात आणि नदीवर ठिकठिकाणी फळ्या घालून अडवतात. अशा बंधाऱ्याला देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. आपण कौतुकाने आणतो ती कोल्हापुरी गुळाची ढेप, तिच्यात या तळ्याचे पाणी मुरलेले असते.

या तळ्याच्या पोटात महाराजांचा बंगला आहे.

सकाळी आम्ही निघालो. ओसरलेल्या पाण्याची कड धरून, भेगाळलेल्या गाळावरून मामा पुढे चालले होते. बंगल्यापाशी पोचलो तेव्हा ऊन नुकते वर आले होते. पडझड झालेली वास्तू, दारे-खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडे आणि त्यांतून दिसणारे निळे पाणी. भिंतींवर ठिकठिकाणी पाण्याच्या खुणा होत्या. आत उभे राहिले की वाऱ्याखेरीज आवाज नाही. राजाने विसाव्यासाठी अशी जागा निवडावी, यात नवल वाटले नाही. नवल वाटले ते वेगळेच. उदयपूरच्या राण्याने तळ्याचे पाणी महालाच्या शोभेला ठेवले. इथे शेताला पाणी हवे म्हणून तळे वाढत गेले आणि बंगला मागे पडला.

थोरल्याने विचारले, ‘‘बाबा, हा दुरुस्त का नाही करत? त्या बोल्टचा वाडा केलाच ना!’’

प्रश्न रास्त होता. बोल्टचा वाडा 1977 साली तिथल्या पुलांच्या प्राधिकरणाने ताब्यात घेऊन डागडुजीला काढला आणि आता लोक तिकीट काढून तो पाहतात. पण सेंट लॉरेन्सचे ते बेट बाराही महिने बेटच असते. दर वर्षी पाणी ज्याला घेरते, त्या वास्तूची डागडुजी करायची म्हणजे दर वर्षी पाण्याशी भांडायचे. उरलेल्या भिंती पडू नयेत एवढी काळजी जरूर घ्यावी. पण तिथे दिव्यांच्या माळा आणि चहाच्या टपऱ्या पाहायला मला तरी आवडणार नाही.

मी हे बोलत होतो, तोवर मामा बाहेर जाऊन उभे राहिले होते. त्यांनी दूरवर बोट दाखवले. ओसरलेल्या काठावर दगडांच्या दोन-तीन वाकड्या ओळी दिसत होत्या.

‘‘त्यो बांध दिसतोय? आमचं रान हुतं त्ये. आज्जानं घातलेला बांध हाय. पानी चढलं तवा आमी वर आलो. आता उन्हाळ्यात पंधरा दीस, म्हैनाभर दिसतोय. दर साली येतो मी बगायला.’’

हिने हळूच विचारले, ‘‘मामा, वाईट वाटत असेल ना?’’

‘‘वाटतं की! रान कुनाला नको असतंय? पर खाली कोल्हापूरपतुर ऊस हुबा ऱ्हायला, त्यो ह्याच पान्यावर. म्हाराजांचा बंगला गेला, तितं आमच्या बांधाचं काय घिऊन बसलाय.’’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘‘पान्यासाठनं दिलं, त्येचं काय वाटत न्हाई. पर आता वरचं रान बी इकाया लागल्यात पोरं. शेराचा मानूस कुंपन घालतोय, वरसातनं चार दीस येतोय. गुरं तळ्यावर न्यायाची कुठनं?’’

मी दलालाने दाखवलेल्या उताराकडे पाहिले. तिथून तळ्याकडे उतरणारी एक पायवाट आदल्या दिवशी आम्हांला फार देखणी वाटली होती. ती गुरांची वाट होती. आमच्या स्वप्नातल्या घराचे अंगण नेमके तिच्यावर येत होते.

परतताना कोणी फारसे बोलले नाही. संध्याकाळी हिनेच विषय काढला. ‘‘मला वाटतं, घर नको. वर्षाला चार दिवस राहायचं आणि अकरा महिने कुलूप-कुंपणाची काळजी करायची! त्यापेक्षा दर मे महिन्यात मामांकडेच येऊ. त्यांच्या हाताला चार पैसे मिळतील आणि तळं काही कुठे पळून जात नाही.’’ धाकटीने काजव्यांची अट घातली आणि ठराव एकमताने मंजूर झाला. दलालाला मी नम्रपणे नकार कळवला. त्याला वाटले, मी भाव पाडतो आहे. त्याने लगेच किंमत उतरवली! हेच महिन्याआधी झाले असते, तर कदाचित मी मोहात पडलो असतो.

फिनलंडच्या माणसाला बेटावरचे घर शोभते, कारण त्याच्याकडे तळी लाखांनी आणि माणसे थोडी. आपल्याकडचे हिशेब निराळे. आपल्या प्रत्येक तळ्याच्या तळाशी कोणाचा तरी बांध असतो आणि काठावर कोणाची तरी गुरे पाणी पीत असतात. म्हणून आपण पाण्याकाठी मालक होऊन जाण्यापेक्षा पाहुणे होऊन जावे. ज्याची सत्ता होती त्याचा बंगलाही पाण्यात उभा आहे. आपण दोन खोल्यांचा हट्ट सोडायला काय हरकत आहे?

वाचकांपैकी कोणाला जायचे असेल, तर ऐन उन्हाळ्यात, पाणी उतरल्यावर जावे. बंगल्याकडे जाताना परवानगीची चौकशी करावी आणि गावातला जाणता माणूस बरोबर घ्यावा. एक दिवस दाजीपूरच्या रानासाठी राखावा. 1958 साली गव्यांसाठी राखलेले हे अभयारण्य आज राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते, आणि 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवले, त्यात तेही आहे. काजवे पाहायचे तर विजेरी बंद ठेवावी, झाड हलवू नये. खर्डा जपून खावा. आणि तळ्यात दगड फेकायचा झाला तर चपटाच निवडावा. आमच्या हिचा सात उड्यांचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.