पाखरांचा सज्जा

आपल्याकडे चबुतरा म्हणजे पुतळ्याखालचा चौथरा. अहमदाबादच्या जुन्या पोळांमध्ये मात्र ‘चबुतरो’ म्हणजे पाखरांचं जेवणघर! बडोद्याहून दोनेक तासांवर आहे, जरूर बघून या. 2017 पासून हे जुनं शहर जागतिक वारसा आहे.

पोळ म्हणजे एका वेशीआतली दाटीची वस्ती. घरं एकमेकांना चिकटलेली, झाडाला जागा कुठली! म्हणून चौकात झाडासारखा एक खांब, वर सहा-आठ कोनी नक्षीदार सज्जा, त्यावर छत्री. दाणे टाकायला शिडी लावून चढायचं. उंची मुद्दाम ठेवलेली, कुत्र्या-मांजरांपासून पाखरं सुरक्षित राहावीत म्हणून. जिथे माणसांनाच वीतभर जागा महाग, तिथे चौकातली जागा पाखरांना दिली, हे मला नक्षीहून मोठं वाटलं.

एक तक्रार आहे. मी पाहिलं तेव्हा दाण्यांवर ताव मारत होती ती कबुतरंच. चिमणीला दाण्याइतकीच वळचण हवी, भिंतीतलं एखादं भोक हवं, आणि नव्या सिमेंटच्या इमारतींत नेमकं तेच उरत नाही. आमच्या सोसायटीचं रंगकाम दिवाळीआधी निघतंय. जिन्याजवळ चिमण्यांसाठी चार लाकडी खोकी टांगायची का, असं रविवारच्या मीटिंगमध्ये विचारणार आहे. बाल्कनीला जाळी लावलेली मंडळी विरोध करतील, त्याची तयारी ठेवली आहे.