खाडीपूल कागदावर कसा बांधतात

बाळकुम, ठाणे

चि. सायली,

मोठ्या पुलाची पहिली दोन-चार वर्षे पाण्यात नव्हे, फायलीत जातात. उल्हास नदी कल्याणच्या खाली नदी कमी आणि खाडी जास्त असते. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी. डोंबिवली, बाळकुम, कोलशेत, घोडबंदर करत ती वसईकडे जाते. अलीकडे ठाणे-डोंबिवलीची घरे, पलीकडे भिवंडीची गोदामे. या दोन काठांमधला भार कित्येक वर्षे मुख्यतः जुन्या आग्रा रोडवरच्या कशेळी पुलाने आणि ठाणे-भिवंडी वळणरस्त्यावरच्या खारेगाव खाडीपुलाने वाहिला. नवा पूल हवा, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही, बाळकुम नाक्यावर संध्याकाळी उभे राहिले तरी पुरे. पण कुठे हवा, हे ठरवायला वाहनांची मोजणी लागते आणि गाडी कुठून निघाली, कुठे चालली याची विचारपूसही. गोदामाकडे जाणारा कंटेनर आणि कामावरून परतणारी दुचाकी एकाच आकड्यात मोजली, तर पूल भलत्याच जागी पडतो.

जागा ठरली की परवानग्यांची रांग लागते. किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी, वन विभाग, मेरीटाइम बोर्ड. खारफुटी तोडायची असेल तर काम सार्वजनिक हिताचे असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाला पटवावे लागते. त्याच न्यायालयाच्या २०१८च्या निकालापासून त्यातून सुटका नाही. शिवाय २०१६च्या कायद्याने हा जलमार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. त्यामुळे भरतीच्या पाण्यापासून तुळईच्या तळापर्यंत किती उंची मोकळी ठेवायची, हे रस्त्याचा अभियंता एकटा ठरवू शकत नाही. उंची वाढली की चढ लांबतो, चढ लांबला की जोडरस्ता आणखी आत, लोकांच्या जमिनीत घुसतो. पुलाचा खर्च वाढण्याची सुरुवात बहुधा इथेच होते.

मग येते बोअरिंग. तराफ्यावर यंत्र चढवून प्रत्येक खांबाच्या जागी भोक घेतात. वर निघालेले दगडाचे नळकांडे लाकडी पेटीच्या खाचांत ओळीने मांडतात आणि कडेला रंगाने खोली लिहितात. वरचा काळा गाळ, त्याखाली कुजका मुरूम, मग पक्का कातळ. या पेटीकडे बारकाईने पाहणारा माणूस पुढचे निम्मे भांडण वाचवतो. निविदेत पाइलचे पैसे रनिंग मीटरने मोजले जातात. कातळ नकाशापेक्षा चार मीटर खाली लागला की ‘जादा बाब’ उभी राहते आणि पत्रव्यवहार सुरू होतो. बोअर वाचवून केलेली बचत ही बचतच नव्हे. पुराचा आणि तळ खरवडण्याचा हिशेबही तितकाच कडक हवा. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात गेला, तेव्हा हे सगळ्या राज्याला कळले. इकडच्या खाडीत त्यात रेतीउपशाची भर: ड्रेझर खांबाजवळून रेती ओढतो तेव्हा पायाभोवतीचा आधारच ओढत असतो.

अंदाजपत्रक दरसूचीवरून बनते. आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, नंतर ई-निविदा. लिफाफे दोन. पहिल्यात अनुभव, उलाढाल, यंत्रसामग्री. तो पास झाला तरच दुसरा, दराचा लिफाफा उघडतो. सर्वांत कमी दराला काम, हा नियम. मात्र अंदाजपत्रकापेक्षा फारच ‘बिलो’ भरणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव घेतात, कारण तोट्यातले काम पावसाळ्याचे निमित्त करून थांबते. ठेक्याचे प्रकारही वेगवेगळे. बाबवार दराच्या ठेक्यात डिझाइन सरकारचे आणि जमिनीखालचा धोकाही सरकारचा. एकमुस्त रकमेच्या ठेक्यात कंत्राटदार स्वतःचे डिझाइन आणतो. ही पद्धत महाराष्ट्रात मोठ्या पुलांसाठी जुनी आहे. तिच्यात त्रयस्थ संस्थेने डिझाइन तपासणे चुकवून चालत नाही. तिसरा मार्ग टोलचा. ठाणे-भिवंडी वळणरस्ता १९९०च्या दशकात याच बोलीवर झाला; पैसा खासगी, वसुली प्रवाशाकडून, आणि वाहने अंदाजापेक्षा वाढली तर फायदा कोणाचा हा वाद कायमचा.

खरी मेख मात्र जमिनीत आहे. डोंबिवलीचा मोठागाव-माणकोली पूल मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) हाती घेतला. काम २०१६च्या सुमारास सुरू झाले, गाड्या धावल्या २०२४मध्ये. पाण्यातले खांब अवघड वाटतात, पण तिथे सातबारा नसतो. जोडरस्त्याला शेत लागते, घर लागते, वारसांच्या सह्या लागतात. पूल खुला झाल्यावर ठाण्याची वाट खूप जवळ आली खरी. पण डोंबिवलीच्या बाजूला गाड्या उतरतात त्या अरुंद रस्त्यांवर आणि दिवा-वसई मार्गावरच्या रेतीबंदर फाटकाकडे. त्या फाटकावरचा उड्डाणपूल याच प्रकल्पाचा भाग असायला हवा होता. जमीन ताब्यात आल्याशिवाय कार्यारंभ आदेश देऊ नये, हे प्रत्येक अभियंत्याला तोंडपाठ असते. पण भूमिपूजनाची तारीख अभियंता ठरवत नाही.

आता कोलशेत-काल्हेर, कासारवडवली-खारबाव आणि गायमुख-पायेगाव अशा तीन खाडीपुलांची आखणी आहे. त्यांच्या कागदांत वाचायच्या जागा दोन: भूसंपादनाची टक्केवारी आणि दोष दायित्वाच्या मुदतीचे कलम. त्या मुदतीत सांधे, बेअरिंग, गळती यांची दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. मुदत संपली की पूल महापालिकेकडे जातो की सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, हे करारातच लिहिलेले बरे. नाहीतर एक सांधा उखडला तरी दोन कार्यालये एकमेकांना पत्रे लिहीत बसतात.

तुझा,
काका