तक्ता मी बंद केला

शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावं, हे केंद्रप्रमुख झाल्यापासून मी म्हणत आलोय. ते कसं घडवायचं, याबद्दल मात्र माझं मत पार बदललं आहे.

वरून झिरपत येणाऱ्या प्रशिक्षणाला मी विटलो होतो. राज्य, जिल्हा, तालुका करत ते केंद्रापर्यंत येतं तेव्हा स्लाइड शाबूत असतात, वर्ग वाटेतच गळालेला असतो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान 50 तास सांगितलेत. ते सभागृहात जांभया देत भरण्यापेक्षा एकमेकांच्या वर्गात का भरू नयेत? साताऱ्याच्या कुमठे बीटला राज्यभरातले शिक्षक गेले ते चालू वर्ग बघायलाच.

मग मी आराखडा केला. ज्येष्ठ तो मार्गदर्शक, नवा तो शिकणारा. मार्गदर्शकाने तास पाहायचा, निरीक्षण तक्त्यात पाचपैकी गुण द्यायचे आणि तक्ता माझ्याकडे पाठवायचा. तक्ते वेळेवर आले, सगळे चार-पाच गुणांचे. ‘फलकलेखन सुवाच्य, अध्यापन परिणामकारक.’ एक बाई स्पष्टच म्हणाल्या, “सर, तुमच्याकडे जाणाऱ्या कागदावर मी तिला दोन गुण कसे देऊ? रोज एकाच एसटीने येतो आम्ही.”

माझं मत फिरलं ते एका उलट्या भेटीमुळे. नुकतीच रुजू झालेली एक शिक्षिका निवृत्तीला आलेल्या गुरुजींच्या तासाला बसली. तक्ता नव्हता, कारण माझ्या योजनेत असली भेटच नव्हती. फळ्यावर 42 वजा 17. पुढच्या मुलांनी एका सुरात ‘पंचवीस’ म्हटलं आणि गुरुजी पुढच्या उदाहरणाकडे वळले. बाई मागे, मुलांच्या पट्टीवर मांडी घालून बसलेल्या. शेजारच्या पोराच्या पाटीवर 35. कसे आले विचारलं तर म्हणाला, “सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन.” दोनातून सात जात नाहीत म्हणून त्याने सरळ उलटं केलं होतं, आणि त्याच्या आजूबाजूलाही तेच. मधल्या सुट्टीत बाईंनी तेवढंच सांगितलं, “सर, मागे काहींचे पस्तीस आलेत.” दुसऱ्या दिवशी गुरुजींनी काड्यांचे गठ्ठे काढले आणि दशकाचा एक गठ्ठा मुलांनाच सोडायला लावला. हे मला त्यांनीच हसत सांगितलं. तेच पस्तीस तक्त्यावर चढून माझ्याकडे आले असते, तर गुरुजींनी पुन्हा कुणाला वर्गात बसू दिलं नसतं.

तेव्हापासून गुण नाहीत, ज्येष्ठ-कनिष्ठ नाही. मला फक्त भेटीची तारीख कळते. बोलणं दोघांतच राहतं. वरून अहवाल आणि फोटो मागतात. फोटो देतो.

खरी अडचण वेगळीच आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक. एक भेटीला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात सगळे वर्ग. म्हणून तेवढा वेळ मी वर्ग घेतो. (ऑनलाइन माहितीचे ‘तातडीचे’ निरोप तोवर साचतात. साचू देत.)

सगळ्याच जोड्या जमतात असं नाही. एक मोडली, आणि त्यातल्या बाईंनी आपणहून शेजारच्या केंद्रातली जोडीदारीण शोधली. दोन केंद्रांमधल्या भेटीला परवानगी कुणी द्यायची, याचं पत्र गटशिक्षणाधिकारी कार्यालयात पडून आहे. बाईंनी तोवर किरकोळ रजा टाकून पहिली भेट उरकलीसुद्धा.