आष्टीच्या वाटेवर

गेल्या मार्गशीर्षात आम्ही अहिल्यानगरहून आष्टीमार्गे बीडला निघालो होतो. वाटेत एका खेड्यातून टाळमृदंगाचा नाद आला. आमच्या आत्याबाईंनी गाडीतूनच हात जोडले. जवळ जाऊन पाहतो तो ते ख्रिस्ती प्रार्थनामंदिर!

अशा भजनांमागची कथा सातासमुद्रांपलीकडे सुरू होते. १८०६ साली अमेरिकेत पावसात गवताच्या गंजीआड बसलेल्या पाच विद्यार्थ्यांनी परदेशी धर्मप्रसाराचा संकल्प केला. त्यातूनच १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशनसंस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले, तेव्हा कंपनी सरकार त्यांना परत धाडू पाहत होते. ते राहिले आणि मराठी शिकले. १८२४ साली मुंबईत मुलींची शाळा, १८३१ साली नगरचे ठाणे, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ असा कारभार वाढला.

तरी परकेपण उरलेच होते. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड टिळकांनी अभंग व कीर्तन ख्रिस्तचरणी वाहिले, तेव्हा त्या रोपास या मातीची ओल मिळाली. त्यापायी त्यांचे स्वतःचे घर मात्र काही वर्षे दुभंगले. लक्ष्मीबाईंनी ते दुःख सोसले.

मंदिर कोणाचे, हे आम्ही आत्याबाईंना सांगितले. त्या क्षणभर थांबल्या व म्हणाल्या, “असो. जोडलेले हात काही सोडवत नाहीत.”